चुलीपुढची जागा

प्रिय आई,

आधी एक चूक दुरुस्त करते. त्याशिवाय पुढचं काही लिहिता येणार नाही.

तुझ्या दहाव्याला नदीवर दोन पुढारी माइकवर बोलून झाले. दोघांनीही तुला आयुष्यात एकदाही पाहिलेलं नव्हतं, पण दोघेही तुला 'कष्टाळू माऊली' म्हणाले. मग आबांनी एकदम माझ्याकडे बोट केलं. "आमची मनी शिकलेली हाय, ती बोलंल." मी तयारच होते. आदल्या दिवशी कागद लिहून ठेवला होता. त्यात एक वाक्य होतं, 'आईचा आजार धुराचा आहे हे कळल्यावर आम्ही घरातली चूल बंद केली.'

बायकांनी माना डोलावल्या. शाळेतले एक गुरुजी नंतर मुद्दाम येऊन म्हणाले, "असा आदर्श सगळ्यांनी घ्यायला पाहिजे." मी मान खाली घातली. लाजून नाही गं. मला ते आवडलं होतं!

आई, आपली चूल बंद झालेली नाही. एक दिवसही नाही. तू गेलीस त्या दिवशीसुद्धा तिच्यावर आंघोळीचं पाणी तापलं.

शेजारच्या कमळाकाकीने तेव्हाच मला पकडलं होतं. नदीवरून परतताना सगळ्या बायकांत म्हणाली, "चूल बंद केलीत व्हय गो? मग सकाळपासून तुझी वैनी धुरात बसून काय टीव्ही बघती?" मला इतका राग आला! माझी आई जाऊन दहा दिवस झालेत आणि हिला टोमणे सुचतात, असं वाटलं. राग ती खरं बोलल्याचा होता हे कळायला मला दोन महिने लागले.

खरं वाक्य असं हवं होतं: 'आम्ही आईला चुलीपुढून उठवलं आणि त्याच जागी सुनेला बसवलं.'

आज हे लिहायला बसले त्याला कारण आहे. परवा रविवारी मी घरी होते. नळाचं पाणी या दिवसांत आटतं, तुला माहीत आहे, म्हणून वहिनी आणि मी विहिरीवर गेलो. येताना चढावर वहिनीने डोक्यावरचा हंडा उतरवून ठेवला आणि केस सोडून पुन्हा बांधायला लागली. केस नीट होते, आई. मी मागेच होते, मी पाहिले होते. अंबाडा जसाच्या तसा होता.

तू पदर नीट करायचीस. आठवतं? हंडा खाली ठेवायचा, पदर काढायचा, खोचायचा, पुन्हा काढायचा. तेवढ्यात श्वास भरून घ्यायचा. दोन वर्षं तू पदर नीट करत होतीस आणि आम्ही म्हणत होतो, आईला हल्ली टापटिपीची फार हौस आली!

वहिनी एकतीस वर्षांची आहे.

मी तिच्याशेजारी उभी राहून आकडे मोजले. अठरा आकड्यांनंतर तिने हंडा उचलला. हे मोजणं मी तुझ्या आजारात शिकले आणि आता सुटत नाही.

खोटं बोलायची माझी ती पहिली वेळ नव्हती. दुसरी चूकही इथंच लिहून टाकते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही.

शहापूरला छातीचे डॉक्टर दर गुरुवारी येतात, त्यांच्याकडे आपण पहिल्यांदा गेलो तो दिवस. त्याआधी सगळं करून झालं होतं. खोकल्याची औषधं, दम्याच्या गोळ्या, टोकावड्याच्या कुणी सांगितलेला अडुळशाचा काढा. टीबी असेल म्हणून तू स्वतःच तुझी ताटली वेगळी केली होतीस. दोनदा थुंकी तपासली, दोनदा काही निघालं नाही, तरी ती ताटली तू परत मांडणीत ठेवली नाहीस.

त्या दिवशी आतल्या खोलीत तुला नळीत फुंकायला सांगितलं. तपासणारी मुलगी ओरडत होती, "फुंका मावशी, फुंका, फुंका, अजून, अजून!" तुझे डोळे बाहेर यायची वेळ आली. नळी तोंडातून काढून तू तिला म्हणालीस, "बाय माझे, चूल फुकून फुकून दम गेला, आता हितं पन फुकायचंच काय?" ती मुलगी हसून हसून भिंतीला टेकली. मीही हसले.

दहा मिनिटांनी डॉक्टरांनी कागद समोर धरला. त्यांना कोडं पडलं होतं. बाई विडी ओढत नाही, गिरणीत नाही, खाणीत नाही, मग फुप्फुसं इतकी कशी गेली? त्यांनी विचारलं, "घरी स्वयंपाक कशावर?"

"गॅसवर," मी म्हणाले.

का म्हणाले? बाहेर माणसं बसली होती, दार उघडं होतं, मी इस्त्रीचा ड्रेस घातला होता. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही. मुरबाडला दुकानात दिवसभर मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते. प्रत्येकाला बजावते, रकान्यात खरं असेल तेच सांगा, नंतर अडचण येते. आणि माझ्या आईच्या रकान्यात मी 'गॅस' भरला. मनाला समजावलंसुद्धा, खोटं कुठे आहे? सिलिंडर आहे की घरात! होताच. कोपऱ्यात, शेगडीवर क्रोशाचं कव्हर घालून, पाहुण्यांच्या चहापुरता.

तू माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प राहिलीस. तेव्हा मला वाटलं, तुला दम लागलाय म्हणून बोलत नाहीस. खूप नंतर मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "मना वाटलं, शिकलेली पोर हाय, तसं सांगायचं असंल."

आई, एकदा तरी रागवायचं होतंस गं!

चार महिने तू औषध ओढत होतीस आणि औषध ओढून झालं की चुलीपुढे बसत होतीस. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा विचारलं आणि या वेळी मी तोंड उघडायच्या आत तूच सांगितलंस. "साहेब, चूल हाय. बारा वरसांची व्हते तवापासून. ही लाजती." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "धूर थांबल्याशिवाय माझी औषधं काय करणार, बाळ?" मला ते 'बाळ' थपडेसारखं लागलं.

त्याच दिवसापासून तुला चुलीपुढून उठवलं. आणि तिथं कोण बसेल असा प्रश्न कुणी विचारलाच नाही. दादाने नाही, आबांनी नाही, मी नाही. तूही नाही! वहिनीने पदर खोचला आणि तुझी फुंकणी उचलली. मला आठवतंय, मला हायसं वाटलं होतं.

मग घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. डॉक्टरांनी माझ्याकडून तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. दिवसातले जास्तीत जास्त तास नळी नाकात हवी. मशीनचा काटा दोनवर, त्याच्या वर नाही. आणि चूल, दिवा, उदबत्ती, विडी, काही काही जवळ नको. मशीन माजघरात ठेवलं. त्याची नळी सात मीटर होती. मी मोजली होती. ती बरोबर स्वयंपाकघराच्या अलीकडे दोन हातांवर संपायची. तिथं तुझा पाट.

त्या पाटावर बसून तू वहिनीला भाकरी शिकवलीस. दहा वर्षं ती भाकरी करत होती, तरी शिकवलीस. "जाळ मागं घे. आता पालथी कर. अगो, करपली!" एकेका शब्दाला श्वास घेत. वहिनी धुरातून ओरडायची, "आई, तुमी श्वास घ्या, भाकरी मी घेते!" तू हसायचीस. हसलीस की खोकायचीस. खोकला थांबला की पुन्हा, "जाळ मागं घे."

मी एकदा म्हटलं होतं, भाकऱ्या गॅसवर करू. तुझं उत्तर तोंडपाठ आहे मला. "गॅसवरची भाकरी म्हंजे पुठ्ठा." दादा म्हणाला, खरंय. आबा म्हणाले, खरंय. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मला तरी कुठे पुठ्ठा हवा होता? शनिवारी मुरबाडहून येऊन गरम भाकरी खाणारी मीच.

लोकांचा रोष माझ्यावर होता तो काट्यावरून. तुला धाप लागली की येणारी-जाणारी प्रत्येक बाई म्हणायची, "वाढव की गो जरा, चारवर कर." मी हात आडवा घालून उभी राहायचे. डॉक्टरांनी समजावलं होतं, तुझ्या फुप्फुसांना जास्त ऑक्सिजन दिला तर गुंगी येईल, श्वासच मंदावेल. हे कुणाला पटायचं? मावशी तर तोंडावर म्हणाली, "आईला हवा पन मापून देती ही." ते वाक्य मला अजून उभ्या उभ्या आठवतं. काटा मी कधीच हलवला नाही, हे तुला शपथेवर सांगते. तेवढं मी बरोबर केलं. पण काट्याकडे बघता बघता दोन हातांवर काय चाललंय ते पाहिलं नाही.

आणि तू पाहिलं होतंस!

गेल्या वर्षीच्या राबाचा दिवस. त्या दिवसाचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, म्हणून तो नीट लिहिते.

दरवर्षीप्रमाणे भाताच्या रोपासाठी राखलेल्या तुकड्यांवर सगळ्यांनी शेण, पालापाचोळा, ऐनाच्या टहाळ्या पसरून वर माती टाकलेली होती. दुपारी बाराच्या सुमारास गावाने एकदम राब पेटवले. जाळ मोठा नसतो, पण मातीखाली धुमसत राहतो आणि धूर जमिनीसरसा घराकडे सरकतो. मी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. फटींत ओली फडकी कोंबली होती. मशीन चालू होतं. सगळी तयारी मी दोन दिवस आधी कागदावर लिहून काढली होती.

साडेबाराला लाइट गेली.

मशीन बंद पडताना जी शिट्टी वाजते, ती मला अजून दुकानात ऐकू येते. ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर होता, पण त्याची चावी माझ्याने फिरेना. हात घामाने ओले. बंद खोलीत उकाडा, आणि एवढं करून धूर आत आलाच. तू दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकलेली, खांदे वरखाली होताहेत, ओठ निळसर. मी म्हणत होते, "ओठ आवळून सोड आई, शीळ घातल्यासारखा, सोड, सोड." वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली, तिने माझ्या हातातून चावी घेतली आणि एका झटक्यात फिरवली. मग मागच्या दाराच्या फटीत स्वतःची ओली साडी कोंबली, तुझ्या मागे बसली आणि सुपाने वारा घालायला लागली. घालता घालता खोकायला लागली. खोकला थांबेना. सूप थांबवलं नाही तिने, पण खोकला थांबेना.

तू मान वळवलीस. तुला बोलायला श्वास नव्हता, तरी बोललीस. "मने... हिचा... खोकला..."

"आई, बोलू नकोस!" मी ओरडले.

"ऐक गो... हिला..."

"तू गप्प बस! श्वास जातो बोलून!"

तू गप्प बसलीस. पंचवीस मिनिटांनी लाइट आली. काटा दोनवर आहे ना, ते मी तीनदा पाहिलं. तू वाचलीस, आणि मी स्वतःला शाबासकी दिली. पुढे तू आठ महिने होतीस, आई. आठ महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही, त्या दिवशी तू काय सांगत होतीस? विचारायची गरजच नव्हती. मला कळलं होतं. पण ते कळून घेतलं असतं, तर वहिनीला चुलीपुढून उठवावं लागलं असतं, आणि मग तिथं कोण बसणार होतं? मी?

तर परवाचा रविवार. विहिरीवरून आल्यावर दुपारी जेवताना मी म्हटलं, "होळी झाली की गुरुवारी वैनीला शहापूरला नेते. तपासणीला."

दादा म्हणाला, "गुरुवारी राब हाय."

"पुढं ढकल."

"राब म्हंजे काय तुझा फॉर्म हाय, आज नाय तर उद्या भरला? सगळ्यांचा ठरलाय. मागून एकट्यानं पेटवला नि इस्तू डोंगरावर चढला, तर ईझवायला कोण, तुझे दुकानवाले येणार?"

त्याचं खोटं नाही. तुला ठाऊक आहे, सगळे एकाच दिवशी का भाजतात ते. दादा वाईटही नाही. तुला खुर्चीत बसवून डांबरी रस्त्यापर्यंत उचलून नेताना त्याच्या पायात काटा गेला होता आणि त्याने तो शहापूरला पोचल्यावर काढला. पण माणूस पडल्याशिवाय उचलायचं नाही, असं आपल्या घरात ठरलेलंच आहे जणू.

"मग वैनीशिवाय भाज," मी म्हटलं.

"कडंनं पाणी कोण मारंल? तू?"

आतून वहिनीचा आवाज आला. "माझ्यावरून भांडू नका. मला काय झालेलं..."

'नाय' तिला म्हणता आलं नाही. खोकला आला. तिने तो दाबला, तोंडात पदर कोंबला असावा, कारण आवाज आतल्या आत फुटत होता. आबांचा घास हातात तसाच राहिला. दादाने ताटाकडे पाहिलं. आई, तिघांनीही तो खोकला ओळखला. हा घरात नवीन नव्हता ना! आणि तिघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

मी ताट घेऊन उठले आणि चुलीपाशी जाऊन बसले. वहिनी निखारे मागे ओढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईंचा नंबर झाला. आता त्या मशीनवर माझा लावलाय काय, ताई?"

"वैनी, नुसतं नळीत फुंकायचंय. कदाचित साधा दमा असेल. कदाचित काहीच नसेल."

"आणि असलं म्हंजे? माझी आई डोळखांबावरून बोंबलत येईल, सासूचा रोग पोरीला लागला म्हणून. तुमच्या दादाला लोक काय बोलतील?"

"हा कुणाचा कुणाला लागत नाही. हा या जागेचा आहे. इथं बसणारीचा."

तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "या जागेचा म्हणता? मग तुमी कुठं वाढलात? दहावीपर्यंत पुस्तक घेऊन आईंच्या मांडीला मांडी लावून हितंच बसायचात ना? तुमी फुकलंय काय कधी?"

मी ताटातली भाकरी मोडत राहिले.

"मी मुरबाडला आलते तवा बघितलं. तुमच्या खोलीचा जिना. मधल्या पायरीवर थांबून तुमी मोबाइल बघता. मोबाइलवर काय नसतं. मी मागंच व्हते."

आई, मी तिचे आकडे मोजत होते आणि ती माझे!

बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं तुझं यंत्र मी मुरबाडला घेऊन गेले, हे कुणाला सांगितलेलं नाही. रोज बोटाला लावते. दुकान उघडायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत, घरी आल्यावर. आकडा चांगला येतो. मग वाटतं, बोट गार होतं, पुन्हा लावते. पण शहापूरला तुझ्यासोबत किती वेळा गेले, ती फुंकायची खोली बाजूलाच होती, आणि 'माझंही बघा' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. वहिनीला न्यायचं सुचलं, स्वतःचं नाव सुचलं नाही. मला भीती वाटते, आई. इतक्या वेळा काटा बघणारी मी, स्वतःचा आकडा बघायला भिते.

वहिनी म्हणाली, "पयलं तुमी फुका. मग मी. नायतर मी गाडीत बसायची नाय."

"बरं," मी म्हणाले.

"बरं नाय. शब्द द्या."

मी दिला. तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, व्यवहार झाल्यासारखी.

मग मी कमळाकाकीकडे गेले. दहाव्यापासून तिच्याशी बोलत नव्हते. उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "काकी, राबाच्या दिवशी आमच्या तुकड्याला कडेनं पाणी माराल? वैनीला शहापूरला न्यायचीय." ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं, आता ऐकवेल. तिने ऐकवलंच. "आता डोळं उघडलं व्हय?" मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "जा घेऊन. मी हाय, माझा मालक हाय. तुमचा डोंगर जळत नाय एवढ्यानं." मी वळले, तर मागून हळू आवाजात म्हणाली, "पुढल्या खेपेला आमच्या सुनंचं पन बग. ती मना सांगत नाय."

दादा अजून हो म्हणालेला नाही. काकी पाणी मारणार हे सांगितलं तर म्हणाला, "लोकांना आपल्या घरात आणू नको." आबा काहीच बोलले नाहीत. सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा मात्र शेगडीवरचं क्रोशाचं कव्हर घडी घालून ठेवलेलं दिसलं. कुणी काढलं, मी विचारलं नाही. त्यावरून काही ठरलं असंही मी लिहिणार नाही. नुसतं कव्हर निघालंय. जे झालं नाही ते झालं म्हणून लिहायची माझी सवय तुझ्यापायी मोडायची आहे.

एक गोष्ट तुझ्याकडे मागते. गॅसवरच्या भाकरीला पुठ्ठा म्हणायचा हक्क आता फक्त भाजणारीला राहू दे. तू म्हणायचीस ते या घरात अजून वेदवाक्य आहे, आणि वहिनी स्वतःच मला म्हणाली, "आईंना आवडायचं नाय म्हणून मी गॅस पेटवत नाय." तू गेल्यावरही ती तुझा शब्द पाळतेय, त्या धुरात बसून! तुझ्या वतीने मी तिला सांगितलं, आईचा काही हट्ट नाही. हे मी न विचारता सांगितलं. रागावणार असशील तर या वेळी खरंच रागाव. मी ऐकून घेईन.

आता वचन. मोठी वचनं देत नाही. चूल बंद करीन, धूर संपवीन, असलं काही नाही. ती बंद होईल त्या दिवशी लिहीन, एक दिवसही आधी नाही. एवढंच वचन देते: टोकावड्याच्या फाट्यावरून साडेसहाची एसटी, सरळगावला उतरून शहापूरची दुसरी गाडी, दहाच्या आत दवाखाना. वहिनी आणि मी. दादा हो म्हणो, नाही म्हणो. खिडकीवर आधी माझं नाव लिहीन, त्याखाली तिचं. नळी आधी मी तोंडात धरीन आणि ती मुलगी जितका वेळ 'अजून, अजून' म्हणेल तितका वेळ सोडणार नाही. मग वहिनी फुंकेल. आणि डॉक्टर विचारतील, स्वयंपाक कशावर, तेव्हा मी बोलणार नाही. उत्तर वहिनी देईल.

आकडे काय येतील, तिचे किंवा माझे, मला माहीत नाही. आज मंगळवार. येत्या सोमवारी होळी. मी जाणार तो त्यानंतरचा पहिला गुरुवार.

तुझी,
मनी